दोन ओळींची जागा

बुधवारी दुपारी चारच्या सुमारास शब्दकोशाच्या कचेरीच्या मागच्या दाराशी एक तरुण बाई आली आणि तिने सायलस गॅरडला बाहेर बोलावले. निरोप आणला त्याचा सहकारी टगवेलने, आणि तो त्याने सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितला.

"गॅरड, तुला भेटायला बाई आलीय बघ. याआधीच्या वापराचा दाखला नाही. तारीख टिपून ठेवू का?"

खोलीतले चौघे हसले. गॅरडही हसला. तो बावन्न वर्षांचा होता, टक्कल पडलेला, बिनलग्नाचा. कोशाच्या कामावर या गावात येऊन त्याला दोन वर्षे झाली होती आणि त्या दोन वर्षांत त्याला भेटायला खरोखरच कोणी आले नव्हते.

बाहेर नोव्हेंबरचा गारठा होता. बाईच्या अंगावर छापखान्याच्या बाइंडिंग विभागातला करडा एप्रन होता, त्यावर शाल. तिने नाव सांगितले नाही. एप्रनच्या खिशातून कागदाचा एक फाटका तुकडा काढून त्याच्या हातात दिला. तो कोशाच्याच प्रूफचा तुकडा होता. चुकलेली प्रूफे बाइंडिंगखान्यात गठ्ठ्यांना गुंडाळायला जात, हे गॅरडला माहीत होते.

त्याने चष्मा सारखा करून वाचले. 'ल्यूड' या शब्दाची नोंद होती. विशेषण, चवचाल, बाहेरख्याली, वासनेने वखवखलेला. अर्थाखाली शतकाशतकांची अवतरणे, आणि सर्वांत शेवटी, बारीक टायपात, दोन ओळी:

'१८९६, स्टॅव्हर्बी साप्ताहिक, १४ मार्च. ॲनिस कोपली या मुलीचे ल्यूड वर्तन हा बाजारचौकात रोजच्या चर्चेचा विषय आहे, असे मालकीणबाईंनी सांगितले.'

आपले वाक्य ओळखल्यावर पहिल्या क्षणी त्याला आनंद झाला. हे त्याने पुढे स्वतःपाशी कधी नाकारले नाही. बावीस वर्षे त्याने स्टॅव्हर्बीच्या त्या साप्ताहिकात कोर्टाच्या बातम्या लिहिल्या होत्या. दर शनिवारी छापायच्या आणि सोमवारी त्यांत मासे बांधले जायचे. आणि आता त्याचे एक वाक्य इंग्रजी भाषेच्या सर्वांत मोठ्या कोशात आले होते, मोठमोठ्या ग्रंथकारांच्या रांगेत, शेवटी का होईना.

मग त्याने मान वर करून बाईच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"ती मीच," ती म्हणाली. "तुम्ही खिडकीपाशी बसला होता त्या दिवशी. पेन्सिलीला सारखं टोक काढत होता."

आता त्याला ओळख पटली. पाच वर्षांपूर्वी ही मुलगी एकोणीस वर्षांची होती आणि स्टॅव्हर्बीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे मोलकरीण होती. गल्लीत शिपायांशी चाळे करते, असा आरोप मालकिणीने तिच्यावर ठेवला होता. सुनावणी दहा मिनिटे चालली. एकही साक्षीदार उभा राहिला नाही आणि मॅजिस्ट्रेटने प्रकरण काढून टाकले. हे सगळे गॅरडच्या बातमीत होते, पण शेवटच्या ओळीत. शेवटच्या ओळीपर्यंत कोणी वाचत नाही, हे त्याच्याइतके चांगले कोणाला माहीत नव्हते.

ॲनिसने पुढचे थोडक्यात सांगितले. मालकिणीने ती बातमी कापून ठेवली होती. ॲनिसला जिथे जिथे नवे काम लागले, तिथे तिथे ते कात्रण टपालाने पोचले. दोन घरे सुटली. मग ती इतक्या लांब, या गावात आली. चर्चच्या पाद्र्याचे पत्र मिळवून बाइंडिंगखान्यात लागली. स्टॅव्हर्बीचे साप्ताहिक इथे कोणी वाचत नव्हते. गॅरडला तिने दोन वर्षांपूर्वीच रस्त्यात ओळखले होते आणि तेव्हापासून ती पलीकडच्या फुटपाथने जात होती.

"आमच्याकडे बत्तीस मुली छापलेले फर्मे दुमडतात," ती म्हणाली. "दुमडताना वाचतात. दुसरं काय करणार दिवसभर? हे पान खाली यायला तीन आठवडे आहेत म्हणे. एकीनं वाचलं की मुकादमीण बाईंना कळेल. त्यांनी पाद्र्याला विचारलं की संपलं. आता मला आणखी लांब जायला गाव उरलेलं नाही, मिस्टर गॅरड. ते काढा."

त्याने तारखेचा शिक्का पाहिला. हे पान शुक्रवारी दुपारी बाराला छापखान्याकडे परत जायचे होते. त्यानंतर धातूचे ठसे ओतले जात आणि मग कोणालाच काही बदलता येत नसे. त्याने तिला हे सांगितले. प्रयत्न करतो, असेही सांगितले. मग, गप्प राहवेना म्हणून, त्याने एक गोष्ट सांगितली जी सांगायला नको होती. हा शब्द मुळात वाईट नाही, तो म्हणाला. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ फक्त 'चर्चच्या दीक्षेतला नसलेला माणूस' एवढाच होता. साधी रयत. मग पोथी वाचता न येणारा, मग अडाणी, मग गावंढळ, मग नीच, आणि सगळ्यांत शेवटी हे.

ॲनिसने ऐकून घेतले.

"म्हणजे आधी नुसतं अडाणी म्हणायचे?"

"हो."

"मग तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं त्यांना?" ती म्हणाली आणि कामावर परत गेली.

कोशाचे संपादक डॉ. व्हिटलॉक वरच्या मजल्यावर बसत. ते सत्तरीला आले होते, बोलायला सौम्य होते, आणि त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. गॅरडने साडेचारला त्यांच्यापुढे तो तुकडा ठेवला आणि सगळे सांगितले. हे अवतरण १८९६ साली आपणच चिठ्ठीवर उतरवून पाठवले होते, हेही सांगितले. तेव्हा तो कोशाच्या शेकडो हौशी वाचकांपैकी एक होता. पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून वाक्ये टिपायची, एका चिठ्ठीवर एक वाक्य, वर शब्द, खाली तारीख आणि ठिकाण. हेच सगळे करत. स्वतःचे वाक्य पाठवू नये असा नियम नव्हता, पण कोणी पाठवत नसे.

"हावरेपणा केलात," व्हिटलॉक म्हणाले.

"हो, डॉक्टर."

"आणि शब्द कोणाचा? त्या मालकीणबाईंचा की तुमचा?"

गॅरडला या प्रश्नाची भीती होती. "माझा. त्या म्हणाल्या होत्या, 'पोरगी वाईट आहे.' मला तो शब्द शोभेलसा वाटला. जुना आहे, नेमका आहे."

व्हिटलॉक म्हणाले की बातमीदार म्हणून गॅरडने जे केले ते लाजिरवाणे आहे. परंतु कोशाला मालकीणबाई काय म्हणाल्या याच्याशी कर्तव्य नाही. एका शिकलेल्या माणसाने १८९६ साली हा शब्द या अर्थाने लिहिला आणि तो छापला गेला, एवढा पुरावा कोशाला पुरतो. वाक्य खोटे असले तरी वापर खरा आहे.

गॅरडने विचारले की निदान नाव गाळता येईल का. नुसते 'या मुलीचे' ठेवावे, दोन टिंबे द्यावीत.

व्हिटलॉकनी नकारार्थी मान हलवली. गेल्याच वर्षी एका बिशपच्या नातलगांनी एका अवतरणातले नाव गाळायची विनंती केली होती. आम्ही जागेसाठी कापतो, कोणाच्या भिडेखातर कापत नाही, असे उत्तर व्हिटलॉकनी दिले होते आणि ते वर्तमानपत्रात छापून आले होते. "बिशपला नाही म्हटलं आणि मोलकरणीला हो म्हटलं, तर मला आवडेल," ते म्हणाले. "पण मग उद्या दाराशी रांग लागेल, आणि रांगेत मोलकरणी नसतील."

मग अवतरणच काढून टाकावे, गॅरड म्हणाला. त्यालाही अडचण होती. प्रत्येक जिवंत अर्थाला गेल्या दहा वर्षांतला एक तरी दाखला द्यायचा, ही कोशाची रीत होती. दाखला नसला तर शब्द त्या अर्थाने मेला, असे वाचक धरून चालत. शिवाय पान जुळलेले होते. दोन ओळी काढल्या तर पुढचे सोळा रकाने सरकले असते.

"पर्याय आणा," शेवटी व्हिटलॉक म्हणाले. "गेल्या दहा वर्षांतला, याच अर्थाचा, दोन ओळींत बसणारा, आणि मूळ छापील पानाशी ताडून पाहिलेला. अवतरणं निवडणं हे तर आपलं रोजचंच काम आहे. शुक्रवारी अकरापर्यंत माझ्या टेबलावर ठेवा. मिळालं तर मला आनंदच होईल, मिस्टर गॅरड. खरंच होईल."

गुरुवारी सकाळी गॅरडने 'ल्यूड'चा खण उघडला.

लाकडी मांडणीच्या त्या चौकोनी खणात चिठ्ठ्यांची आठ पुडकी होती, सुतळीने बांधलेली. पहिल्या पुडक्यात सगळ्यांत जुन्या चिठ्ठ्या होत्या. हजार वर्षांपूर्वीच्या एका साधूने लिहिले होते की दीक्षित आणि सामान्य, दोघांनीही उपास करावा. तिथे 'सामान्य'साठी हाच शब्द होता, त्याच्या जुन्या रूपात. त्यात कसलाही राग नव्हता. पुढच्या पुडक्यात हीच सामान्य माणसे लॅटिन न येणारी झाली होती. त्याच्या पुढच्यात ती मूर्ख झाली, मग उद्धट, मग नालायक. चारशे वर्षांत शब्द चाकरांच्या, भिकाऱ्यांच्या, दारुड्यांच्या अंगाला चिकटत खाली खाली आला होता, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर बायका उभ्या होत्या.

गॅरडने हा इतिहास यापूर्वी कौतुकाने वाचला होता. त्यावर एक छोटा लेखही लिहिला होता. आज त्याला त्यात एकच गोष्ट दिसली. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी ज्यांना येत नव्हते त्यांच्यासाठी हा शब्द केला, आणि पुढे प्रत्येक पिढीतल्या लिहित्या माणसांनी त्यात आपली थोडी भर घातली. शेवटची भर त्याची स्वतःची होती.

शेवटच्या दशकाच्या पुडक्यात अकरा चिठ्ठ्या होत्या. त्याने त्या टेबलावर मांडल्या.

टगवेल पलीकडच्या टेबलावरून पाहत होता. "एकटाच पत्ते खेळतोयस?"

"मदत कर."

टगवेल चेष्टेखोर असला तरी कामाचा पक्का होता. त्याने खुर्ची ओढली. चार चिठ्ठ्या लगेच बाद झाल्या. जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या होत्या, वाक्ये दोनशे वर्षांपूर्वीची. दोन प्रवचनांतल्या होत्या आणि त्यांत जुना, 'नालायक' हा अर्थ होता. एका कवीने समुद्राला ल्यूड म्हटले होते; ते अलंकारिक, त्याची नोंद वेगळी. उरल्या चार.

त्यातली एक कोणा लष्करी माणसाच्या आठवणींतली होती, १८९३ साली छापलेली. 'म्हातारा कर्नल — हा ल्यूड होता, हे सगळ्या पलटणीला माहीत होते. त्याच्या बंगल्यावर पोरींना एकटे पाठवत नसत.' कर्नलच्या नावाच्या जागी पुस्तकातच आडवी रेघ होती. गॅरडने ओळी मोजल्या. बरोबर दोन भरत होत्या.

तो जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून गेला. व्हिटलॉकनी चिठ्ठी वाचली, पुस्तकाचे नाव पाहिले, आणि कपाटातून ते पुस्तक काढून प्रस्तावना उघडली. या आठवणी लेखकाने १८४७ साली लिहिल्या होत्या आणि त्याच्या मरणानंतर नातवाने छापल्या होत्या. कोशात तारीख लिहिल्याची धरतात, छापल्याची नाही.

"१८४७," व्हिटलॉक म्हणाले. "त्या दशकाचा दाखला आपल्याकडे आहेच. वाईट वाटतं मला."

गॅरड खाली आला. उरलेल्या तीन चिठ्ठ्या वर्तमानपत्रांतल्या होत्या आणि तिन्ही कोर्टाच्या बातम्या होत्या. तिन्हींत बाई होती आणि तिन्हींत तिचे नाव संपूर्ण, पत्त्यासकट होते. त्याने स्वतः बावीस वर्षे असेच लिहिले होते. पुरुष प्रतिष्ठित असेल तर 'एक गृहस्थ' लिहायचे, बाई गरीब असेल तर गल्लीचे नावसुद्धा द्यायचे. तसे कोणी शिकवले नव्हते. सगळे लिहीत होते.

त्याच्या डोक्यात एक विचार येऊन गेला. वाक्य बनवावे. वीस शब्द, कोणाचेही नाव नसलेले. त्याला पाच मिनिटे लागली नसती. पण प्रत्येक चिठ्ठी दुसऱ्या माणसाने मूळ पानाशी ताडायची असते, आणि ताडणारा टगवेल होता. जुन्या संपादकाला तार करून साप्ताहिकात तसे वाक्य छापून आणता आले असते. पण साप्ताहिक शनिवारी निघत होते, आणि पान शुक्रवारीच जायचे होते.

"काय झालंय नक्की?" टगवेलने विचारले. गॅरडने त्याला सांगितले, नाव वगळून. टगवेलने पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. तो म्हणाला, "मग या तिघींतली एक घाल. त्या काही आपल्या बाइंडिंगखान्यात नाहीत."

पहिली चिठ्ठी चौदा वर्षांच्या मुलीची होती. ती गॅरडने उलटी करून ठेवली. दुसरीतल्या बाईचे मूल कालव्यात बुडाले होते आणि तिच्या वागण्याची चर्चा त्या चौकशीत निघाली होती. तीही त्याने उलटी केली. तिसरी उत्तरेकडच्या स्कारगेट नावाच्या गिरणीगावातली होती. '१८९४. टॅनर्स रो येथील एलन रज हिला कालव्याकाठच्या वाटेवर ल्यूड वर्तन केल्याबद्दल जामीन घेऊन समज देण्यात आली.' त्याने मोजले. दोन ओळी, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी एका अक्षराची जागा रिकामी.

ही बाई दोषी ठरली होती. ॲनिस ठरली नव्हती. फरक आहे, असे त्याने स्वतःला सांगितले. पण कालव्याकाठची प्रकरणे कोर्टात कशी चालतात हे त्याने शेकडो वेळा पाहिले होते. पोलीस एक वाक्य बोलतो, बाई काही बोलायला लागते, कारकून पुढचे नाव पुकारतो. चार मिनिटे. कधी तीन.

गुरुवारची संध्याकाळ त्याने ती चिठ्ठी समोर ठेवून काढली. ती वर नेली नाही तर ॲनिसचे काय होईल हे त्याला माहीत होते. ॲनिसचा चेहरा त्याने पाहिला होता. एलन रजचा पाहिला नव्हता. शेवटी निर्णय झाला तो एवढ्यावरच झाला, आणि हे त्याला त्याच वेळी कळत होते.

शुक्रवारी साडेदहाला त्याने चिठ्ठी वर नेली. व्हिटलॉकनी वाचली, प्रूफवरच्या दोन ओळींवर काट मारली आणि समासात नव्या ओळी आपल्या बारीक अक्षरात लिहिल्या. सही करण्याआधी त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"हीदेखील कोणीतरी असेल," ते म्हणाले.

"हो, डॉक्टर."

"तुम्ही पर्याय आणलात. मी तोच मागितला होता." त्यांनी सही केली. पावणेबाराला पान छापखान्यात गेले.

शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम सुटल्यावर गॅरड बाइंडिंगखान्याच्या फाटकाशी उभा राहिला. मुली हसत, शालींत हात गुंडाळून बाहेर पडत होत्या. ॲनिस त्यांच्यात होती आणि कोणाच्या तरी बोलण्यावर हसत होती. त्याला पाहिल्यावर ती मैत्रिणींना पुढे व्हायला सांगून मागे राहिली. त्याने सांगितले की वाक्य निघाले आहे, ठसे ओतले गेले आहेत, आता ते परत येऊ शकत नाही.

तिने भिंतीला हात टेकला. मग तिने आभार मानले. पाच वर्षांत आपल्याला पहिल्यांदाच आज झोप लागेल, असे म्हणाली, आणि हे ती खरे बोलत होती. जायला निघाली आणि परत वळली.

"तिथं मग काय घातलंत? जागा तर भरावी लागते ना? मुली म्हणतात, एक ओळ गेली तरी जुळारी शिव्या देतात."

गॅरडला खोटे बोलता आले असते. "दुसरं अवतरण घातलं," तो म्हणाला.

"बाईचं?"

"हो."

"नावासकट?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"तिला माहितीये?"

"नाही."

रस्त्याच्या टोकाशी मैत्रिणी ॲनिसला हाका मारत होत्या. "मलापण माहीत नव्हतं," ती म्हणाली. "गठ्ठा सोडेपर्यंत." मग शाल ओढून घेत म्हणाली, "मला सांगायला नको होतंत. आता ते पान मी कसं दुमडू?"

पुढे तीन आठवड्यांनी फर्मे खाली आले आणि ॲनिसने ते दुमडले असणारच, कारण ती कामावर होती. गॅरडने तिला लांबून पाहिले. ती पुन्हा पलीकडच्या फुटपाथने जात होती.

कोशाचा तो भाग फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांनी स्तुती केली. एका समीक्षकाने 'ल्यूड'च्या नोंदीचा खास उल्लेख केला. एका शब्दाचे हजार वर्षांचे चरित्र किती निर्विकारपणे मांडले आहे, असे त्याने लिहिले होते. टगवेलने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि अर्ध्यावरच थांबला.

मार्चच्या पहिल्या शनिवारी गॅरडने रजा काढली आणि तो उत्तरेकडच्या गाडीत बसला. तिथे जाऊन काय करायचे हे त्याने ठरवले नव्हते. माफी मागायची तर कशाची, हे आधी सांगावे लागले असते. मनाच्या तळाशी एक हलकट आशा होती, आणि ती त्याला स्पष्ट दिसत होती. ती बाई मेलेली असावी. किंवा गाव सोडून गेलेली असावी. किंवा निदान तशीच असावी, शब्दाला साजेशी.

स्कारगेटचे कालवे काळे होते आणि हवेत ओल्या लोकरीचा वास होता. टॅनर्स रोमध्ये त्याने एका म्हातारीला एलन रजचे घर विचारले. म्हातारीने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिले आणि तोंड न उघडता बोटाने हिरवे दार दाखवले. तो त्या दारापर्यंत पोचला तेव्हा आणखी दोन दारे किलकिली झाली होती.

दार उघडणारी बाई चाळिशीला आली असेल. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, हात पिठाचे. चेहरा साधा होता, थकलेला, मघापर्यंत कशावर तरी हसत असावा असा.

"एलन रज?" त्याने विचारले.

चेहरा मिटला. "मी एलन फर्थ. आठ वर्षं झाली लग्नाला." तिने त्याच्या खांद्यावरून गल्लीकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "दारात उभे राहू नका, मिस्टर. लोक बघतायत. ते नाव घेऊन पूर्वी यायचे तुमच्यासारखे. कोटाच्या खिशात पेपर घडी करून. आता कित्येक वर्षांत कोणी आलं नव्हतं."

"मी तसा नाही आलो."

"सगळे तेच म्हणायचे." ती चिडलेली नव्हती, चिडून झालेले होते. आतून एका पुरुषाने कोण आहे म्हणून विचारले. चुकलेला माणूस आहे, वाट विचारतोय, असे तिने मागे वळून सांगितले. मग पुन्हा त्याच्याकडे पाहिले. "ऐकलात आवाज? त्याच्याबरोबर धरलं होतं मला कालव्यावर. आमचं लग्न सहा आठवड्यांवर होतं. पोलिसानं दोघांनाही नेलं. छापलं एकटीचं."

गॅरडने टोपी हातात धरली होती. ती त्याने दोन्ही हातांनी फिरवली. सांगायचे असते तर हाच क्षण होता. पुस्तक आता इंग्लंडातल्या प्रत्येक मोठ्या वाचनालयात पोचले होते. जहाजाने अमेरिकेत, हिंदुस्थानात, ऑस्ट्रेलियात जायला निघाले होते. शंभर वर्षांनी कोणी या शब्दाचा अर्थ पाहायला ते पान उघडले, तरी शेवटच्या दोन ओळींत हीच बाई उभी असणार होती, टॅनर्स रोच्या पत्त्यासकट.

"तुम्हाला ते नाव कुठं मिळालं?" तिने विचारले. या वेळी तिच्या आवाजात भीती होती. "इतक्या वर्षांनी? खरं सांगा. पुन्हा कुठं छापून आलंय का?"

"नाही," गॅरड म्हणाला. "कुठेच नाही. रज आडनावाचं दुसरं कुटुंब शोधतोय. माझी चूक झाली."

हळूहळू तिचे खांदे सैल झाले आणि तिने पिठाच्या मनगटाने कपाळ पुसले.

"दुसरे रज वरच्या गल्लीत राहतात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आता आपुलकी होती, जवळजवळ दिलगिरी. "पुलावरून डावीकडं वळा. मी उगाच बोलले तुम्हाला. आत येता? चहा तयार आहे."

नको, तो म्हणाला. ती दारातच थांबली, आणि तो चुकू नये म्हणून, सगळ्या गल्लीदेखत, पूल येईपर्यंत त्याला हाताने वाट दाखवत राहिली.